प्रकाशाने जागं होणारं औषध

तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी विषय द्यायची शेवटची तारीख आली होती. विंगमधल्या सगळ्यांचे विषय ठरले होते. कुणी अँटेना घेतला, कुणी इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या. मी फॉर्मवर ‘कॅन्सरवरील प्रकाश-सक्रिय औषधे’ असं लिहून दिलं. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, तू इलेक्ट्रॉनिक्सचाच ना? की वाट चुकून मेडिकलच्या रांगेत उभा राहिलास?"

सगळे हसले, मीही हसलो. पण विषय बदलला नाही. त्यामागे एक कारण होतं.

माझे मामा साखर कारखान्यात टर्नर. वीस वर्षं मावा खाल्ला. उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आला, तो त्यांनी आठ महिने कुणालाच दाखवला नाही. दाखवला तेव्हा गाठ झाली होती, ती जबड्याच्या हाडाला लागली होती आणि मानेतही पसरली होती. ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढावा लागला. मी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा मामा बोलू शकत नव्हते, उशाशी पाटी-पेन्सिल होती. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी नुकतंच कुठेतरी वाचलेलं सांगून टाकलं. "मामा, आता म्हणे असं औषध आलंय, नुसता लाल उजेड टाकला की कॅन्सरच्या पेशी मरतात. कापाकापी नाही." मामी ऐकत होत्या. मामांनी पाटीवर लिहिलं, "मग मला का नाही दिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. अर्धवट वाचून बोललो याची लाज वाटली. सेमिनारचा विषय तिथेच ठरला. गेल्या चार महिन्यांत जे समजलं ते आपल्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न आहे. मित्रांनो, मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा उपचाराचा सल्ला समजू नका. यातला फिजिक्सचा भाग मात्र आपल्या सर्वांच्या आवाक्यातला आहे.

उन्हाने काम करणारं औषध

औषध द्यायचं आणि ते उजेडाने चालू करायचं, ही कल्पना आपल्याकडे अजिबात नवी नाही. कोडावर बावचीच्या बिया लावून किंवा पोटात देऊन रोग्याला उन्हात बसवण्याची पद्धत आयुर्वेदात जुनी आहे. बावचीत सोरालेन जातीची द्रव्यं असतात. अंधारात ती गप्प असतात. उन्हातले अतिनील किरण पडले की ती पेशीच्या डीएनएला चिकटतात. याच कुळातलं औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशींना देऊन, त्यांच्यावर शरीराबाहेर अतिनील प्रकाश टाकून त्या परत शरीरात सोडायच्या, अशा उपचाराला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. त्वचेत पसरणाऱ्या एका प्रकारच्या लिम्फोमावर तो वापरतात.

पण आज ज्याला फोटोडायनॅमिक थेरपी किंवा थोडक्यात पीडीटी म्हणतात, तिचा उगम वेगळा आहे. तो आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात आहे.

म्युनिकमध्ये प्राध्यापक फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी काम करत होता. ॲक्रिडिन नावाच्या रंगद्रव्याने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव किती वेळात मरतात, एवढंच त्याला मोजायचं होतं. द्रावण तेच, जीव तेच, पण वेळ जुळेना. आपण असतो तर रीडिंग ‘ॲडजस्ट’ करून जर्नल सही करून घेतलं असतं! राबने तसं केलं नाही. त्याला आठवलं की एका प्रयोगाच्या दिवशी बाहेर वादळ होतं, उजेड वेगळा होता. मग त्याने मुद्दाम उजेडात आणि अंधारात प्रयोग करून पाहिले. रंगद्रव्य एकटं फारसं मारत नाही, उजेड एकटा मारत नाही, दोन्ही मिळून मारतात, हे सिद्ध झालं. १९०० साली त्याने ते प्रसिद्ध केलं. टापायनर यांनी १९०३ मध्ये इओसिन हे रंगद्रव्य आणि प्रकाश वापरून त्वचेच्या गाठींवर उपचार करून पाहिले. या क्रियेला ऑक्सिजनही लागतो हे पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं.

त्यानंतर फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने कमाल केली. रक्तातल्या रंगद्रव्यापासून बनणारं हिमॅटोपॉर्फिरिन त्याने स्वतःलाच टोचून घेतलं, २०० मिलीग्रॅम. नंतर उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात सुजून ओळखू येईनासे झाले. उन्हाचा हा त्रास पुढे दोन महिन्यांहून जास्त काळ टिकला. १९१३ साली त्याने तो अनुभव प्रसिद्ध केला. औषध शरीरात असताना उजेडात जाणं किती महाग पडतं, हा या उपचाराचा सर्वात मोठा दुष्परिणाम त्यातून तेव्हाच कळला.

उपचार म्हणून या पद्धतीला उभं केलं ते अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क संस्थेच्या थॉमस डॉगर्टी यांनी. तेही डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १९७८ साली त्यांच्या गटाने २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा अहवाल दिला. त्यातल्या १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या होत्या. याच रेषेत पुढे फोटोफ्रिन हे औषध आलं. कॅनडाने १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि अमेरिकेने १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता दिली.

औषध, उजेड आणि ऑक्सिजन

आता नेमकं आत काय होतं ते पाहू.

औषधाचा रेणू फोटॉन शोषतो आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातो. या अवस्थेत तो काही नॅनोसेकंदच टिकतो. त्यातले बरेच रेणू खाली येताना चमकतात, पण चांगल्या औषधाचे बहुतेक रेणू ट्रिप्लेट नावाच्या दुसऱ्या अवस्थेत सरकतात. ही अवस्था त्या मानाने बराच वेळ टिकते. तेवढ्या वेळात शेजारून जाणारा ऑक्सिजनचा रेणू त्याला भेटतो आणि औषध आपली जास्तीची ऊर्जा त्याला देऊन टाकतं. ऊर्जा मिळालेला हा ऑक्सिजन म्हणजे सिंग्लेट ऑक्सिजन. तो अतिशय आक्रमक असतो, पेशीचं आवरण, प्रथिनं, जे समोर येईल ते जाळत सुटतो. औषधाचा रेणू मात्र मूळ स्थितीत येऊन पुढचा फोटॉन घ्यायला मोकळा! एकच रेणू हे काम पुन्हा पुन्हा करू शकतो.

यातली गंमत अशी की पेशीच्या आत सिंग्लेट ऑक्सिजन एक मायक्रोमीटरसुद्धा प्रवास करू शकत नाही, त्याआधीच संपतो. पेशीचा आकार साधारण १० ते २० मायक्रोमीटर. म्हणजे जिथे तो तयार झाला तिथेच नुकसान, शेजारच्या घराला झळ नाही. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, आणि मेलेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते.

पण औषधाला कॅन्सरची पेशी कळते कशी? खरं सांगायचं तर पूर्णपणे कळत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथला निचरा खराब असतो, म्हणून औषध तिथे जास्त साचतं. ५-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड, म्हणजे आलाची युक्ती अधिक छान आहे. हा पदार्थ आपल्या पेशी हीम बनवताना कच्चा माल म्हणून रोजच वापरतात. शेवटच्या पायरीला त्यात लोह घातलं जातं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींमध्ये ही शेवटची पायरी तुंबते आणि अलीकडचा पदार्थ, प्रोटोपॉर्फिरिन ९, साठत जातो. हा पदार्थच प्रकाशसंवेदी आहे. म्हणजे औषध आपण देत नाही, कच्चा माल देतो, आणि पेशी स्वतःचं विष स्वतः बनवते. निळ्या उजेडात तो लाल चमकतो. याचा उपयोग मेंदूच्या ऑपरेशनमध्ये होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, या लाल चमकेच्या आधाराने ऑपरेशन केलं तेव्हा ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या उजेडात हे प्रमाण ३६ टक्के होतं.

मात्र औषध निरोगी भागातही थोडंफार जातंच. म्हणून खरा नेम धरतो तो उजेड. जिथे उजेड पडेल तिथेच काम होणार. इथून पुढे विषय आपल्या खात्यात येतो.

लाल रंगच का?

आज रात्री एक प्रयोग करा. खोलीतला दिवा घालवा आणि मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरा. टॉर्च पांढरा आहे, पण बोट लाल दिसतं. निळा आणि हिरवा रंग रक्तातलं हिमोग्लोबिन खाऊन टाकतं, लाल तेवढा पार येतो. फार पुढच्या अवरक्त भागात गेलो तर शरीरातलं पाणी प्रकाश शोषायला लागतं. मधली साधारण ६५० ते ८५० नॅनोमीटरची खिडकी उघडी राहते.

मग ९०० किंवा १००० नॅनोमीटरचा प्रकाश का वापरत नाहीत? इथे बारावीचं गणित कामाला येतं. १२४० ला तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६३० नॅनोमीटरला ती १.९७ येते. सिंग्लेट ऑक्सिजन बनवायला ०.९८ लागते, म्हणजे १२७० नॅनोमीटरपर्यंत चालायला हवं. पण मधल्या पायरीवर, ट्रिप्लेटमध्ये उतरताना, ऊर्जा वाया जाते. त्यामुळे व्यवहारात साधारण ८५० च्या पुढे हिशोब बसत नाही.

आता खोली. प्रकाश शरीरात शिरला की घातांकी पद्धतीने कमी होतो, आपल्या केबलमधल्या सिग्नलसारखाच. गणितासाठी धरू की दर ३ मिलिमीटरला तो ३७ टक्के उरतो. मग ६ मिलिमीटरवर साडेतेरा टक्के, ९ मिलिमीटरवर ५ टक्के. आणि ३० मिलिमीटरवर? लाखातले चार-पाच फोटॉन! ही आकडेमोड मी वहीच्या मागच्या पानावर केली तेव्हा पाटीवरचा प्रश्न डोळ्यांसमोर आला. मामांची गाठ तीन सेंटिमीटरच्या वर होती.

उजेड वाढवला तर? धरा, दर चौरस सेंटिमीटरला १०० ज्यूल द्यायचे आहेत. १०० मिलिवॅटने दिले तर १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत काम झालं. दहापट ताकद लावून पावणेदोन मिनिटांत उरकता येईल असं मलाही वाटलं होतं. पण ऑक्सिजन विसरून चालत नाही. आपल्या मेसमध्ये सगळे एकदम येऊन बसले की पोळ्या संपतात आणि तव्यावरच्या पोळीची वाट पाहत बसावं लागतं, तसंच इथे होतं. उजेड फार तीव्र असेल तर ऑक्सिजन रक्तातून पोचण्याआधीच खर्च होतो आणि पुढचे फोटॉन फुकट जातात. म्हणून कित्येकदा उजेड हळू देतात, किंवा थोडा देऊन, थांबून, पुन्हा देतात.

नवी औषधं, नव्या युक्त्या

फोटोफ्रिनचे दोन दोष. ६३० नॅनोमीटरला ते कमी प्रकाश शोषतं, आणि शरीरातून जायला वेळ घेतं. इंजेक्शननंतर निदान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. नेहमीचं सनस्क्रीन उपयोगाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि औषध तर दिसणाऱ्या उजेडाने जागं होतं. गंमत म्हणजे पूर्ण अंधारात बसायचंही नसतं. घरातल्या मंद उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं, ते व्हावंच लागतं. शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला महिनाभर घरात बसणं परवडेल का, हाही विचार करावा लागेल.

म्हणून संशोधकांनी जास्त लाल प्रकाश शोषणारी आणि लवकर निघून जाणारी औषधं शोधली. टेमोपॉर्फिन ६५२ नॅनोमीटरवर चालतं, युरोपात २००१ साली डोके-मानेच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत जिवाणूंच्या हरितद्रव्यापासून बनवलेलं पॅडेलिपॉर्फिन ७५३ नॅनोमीटरवर चालतं आणि काही तासांत शरीराबाहेर पडतं. प्रोस्टेट ग्रंथी खोल असते, तिथे बाहेरून उजेड पोचणार नाही, म्हणून सुयांमधून ऑप्टिकल फायबर थेट ग्रंथीतच नेतात. ४१३ पुरुषांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के जणांच्या तपासणीत कॅन्सर सापडला नाही. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. युरोपने २०१७ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत मात्र २०२० साली तज्ज्ञ समितीने विरोधात मत दिलं. एकाच आकड्यांवरून दोन निर्णय होऊ शकतात, हेही मला नवीन होतं.

सर्वात पुढची युक्ती जपानमध्ये वापरात आली. कॅन्सरच्या पेशीला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी आणि तिच्या शेपटीला प्रकाशसंवेदी रंगद्रव्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने २०११ मध्ये ही कल्पना मांडली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जपानने, ऑपरेशन शक्य नसलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरसाठी, असं पहिलं औषध मान्य केलं. यात नेम औषधही धरतं आणि उजेडही.

आपलं काम कुठे?

सुरुवातीला या उपचारासाठी खोली भरेल एवढी, पाण्याने थंड ठेवावी लागणारी लेसर यंत्रं लागत. डायोड लेसर आले, मग एलईडी आले, आणि यंत्र टेबलावर मावू लागलं. अलिगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांबरोबर झालेलं काम मला सर्वात भावलं. गालाच्या आतला अगदी सुरुवातीचा कॅन्सर, पोटात आला, आणि उजेडासाठी बॅटरीवर चालणारा लाल एलईडी. रुग्णाच्या तोंडात नीट बसावा म्हणून थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं टोक, आणि चमक पाहायला मोबाईलचा कॅमेरा. लाईट गेली तरी उपचार थांबणार नाही, हा विचार करून केलेलं यंत्र! जखम फारसा व्रण न राहता भरून आली असं त्यांनी नोंदवलं आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही हरितद्रव्यापासून बनणाऱ्या क्लोरिनवर, प्राण्यांच्या गालातल्या गाठींवर, काम झालेलं आहे.

करंट स्थिर ठेवणं, एलईडी तापू न देणं, फायबरच्या टोकातून सगळीकडे सारखा उजेड बाहेर काढणं, आत किती उजेड पोचला ते मोजणं, यातलं डॉक्टरांचं काम किती आणि आपलं किती, तुम्हीच ठरवा. सेमिनारच्या दिवशी मी हे सांगितल्यावर सर म्हणाले, "बरं, रांग चुकला नव्हतास म्हणायचं."

मामांना उत्तर

सेमिनार झाल्यावर मी गावी गेलो. मामा आता थोडं बोलतात, पण शब्द नीट उमटत नाहीत. पाटी अजून लागते. मी त्यांना सगळं सांगितलं. बोटाखाली टॉर्च धरून दाखवला. गाठ हाडापर्यंत आणि मानेत गेल्यावर तिथे सगळीकडे उजेड पोचवता येत नाही, एकही कोपरा अंधारात राहिला तर रोग परत येतो. म्हणून ऑपरेशन हाच बरोबर मार्ग होता, डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मामा बराच वेळ बोटातला लाल उजेड पाहत राहिले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "चट्टा होता तेव्हा?"

"तेव्हा मात्र कदाचित," मी म्हणालो. "उजेडाने किंवा छोट्या ऑपरेशनने, पण जबडा वाचला असता कदाचित." खोटं बोलावंसं वाटत होतं, पण जमलं नाही. मामांनी मान हलवली, पाटी पुसली आणि लिहिलं, "हॉस्टेलच्या पोरांना सांग."

म्हणून सांगतो. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी आली, पण आपल्या गेटसमोरच्या टपरीवर संध्याकाळी काय घोटलं जातं आणि कोण कोण तिथे उभं असतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नावं घेणार नाही, त्यातले दोघे माझे रूमपार्टनर आहेत. त्यांना सोडा म्हणून सांगून मी थकलो. निदान एवढं करा. महिन्यातून एकदा बेसिनसमोरच्या आरशात टॉर्च लावून गाल, जीभ आणि जिभेखालचा भाग बघा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर दाताच्या डॉक्टरांकडे जा. परीक्षा झाल्यावर बघू म्हणू नका. मामाही गाळप हंगाम झाल्यावर बघू म्हणाले होते.

परवा रात्री लाईट गेली तेव्हा रूमपार्टनरने स्वतःहून माझ्याकडे मोबाईल दिला आणि म्हणाला, "बघ रे जरा आत, काही दिसतंय का." डाव्या गालात एक फिकट पांढरा पट्टा दिसला. सोमवारी आम्ही दोघे डॉक्टरांकडे जाणार आहोत.